सूर घडविणारी यंत्रे : कालची आणि आजची

लग्नाची वरात निघते. बँडवाला किंवा बेंजो पार्टी पुंगीची ती ओळखीची धून धरते आणि नवरदेवाचे दोस्त रुमालाचे टोक दातांत धरून नागासारखे डोलू लागतात. वरात कळंबची असो, येरमाळ्याची असो की शिराढोणची, हा प्रसंग ठरलेलाच. ही धून आली १९५४ सालच्या ‘नागिन’ या हिंदी चित्रपटातून. संगीत हेमंतकुमार यांचे. आता गंमत अशी की, त्या मूळ ध्वनिमुद्रणातली पुंगी ही मुळी पुंगीच नव्हती. कल्याणजी वीरजी शहा या तरुण वादकाने ती क्लॅव्हिओलिन नावाच्या, विजेवर चालणाऱ्या वाद्यावर वाजविली होती आणि जोडीला रवि यांची पेटी होती. हेच कल्याणजी पुढे धाकट्या भावाबरोबर कल्याणजी-आनंदजी या नावाने संगीतकार म्हणून गाजले. क्लॅव्हिओलिन हे वाद्य फ्रान्समधील कॉन्स्टंट मार्तँ यांनी १९४७ साली तयार केले. त्यात भोपळा नाही, बांबूची नळी नाही, गारुड्याची फुंकही नाही. जुन्या रेडिओत असत तसले व्हॉल्व्ह, काही पट्ट्या आणि एक कर्णा, एवढाच काय तो संसार!

मग सत्तर वर्षे आपण खोट्या पुंगीवर डोलत आलो, असे म्हणावयाचे काय? तसे म्हणवत नाही. डोलणारा खरा होता, वाजविणाऱ्याची बोटे खरी होती, धूनही खरी होती. फक्त सूर कशातून निघाला, तेवढे बदलले होते. आज हाच प्रश्न पुन्हा नव्या रूपाने आपल्या दारात उभा आहे. पूर्वी विजेपासून सूर घडविण्यासाठी कपाटाएवढी यंत्रे लागत. त्यांच्यात शेकडो खुंट्या आणि तारांचे जंजाळ असे. आज तेच काम संगणकातली, किंबहुना खिशातल्या मोबाइलमधली आज्ञावली करते. तिला आपण सरळ सॉफ्टवेअर म्हणतो. या दोहोंत चांगले कोणते? जुन्यातले काय गेले आणि नव्यात काय आले? याचा थोडा इतिहास आज पाहू. तो शाळामास्तरांच्या आणि भजनी मंडळांच्याही उपयोगाचा आहे.

प्रथम हे यंत्र काम कसे करते, ते समजून घेऊ. कोणत्याही वाद्यात काहीतरी थरथरत असते. तुणतुण्याची तार थरथरते, हलगीचे कातडे थरथरते, पेटीतली पितळी पट्टी थरथरते. सिंथेसायझरमध्ये थरथरतो तो विजेचा प्रवाह. तो कर्ण्याकडे जातो, कर्ण्याचा पडदा हालतो आणि आपल्याला सूर ऐकू येतो. प्रवाह सेकंदाला २२० वेळा मागेपुढे झाला तर एक सूर मिळतो. ४४० वेळा झाला तर तोच सूर, पण वरच्या सप्तकातला.

पुढचे काम शेतकऱ्याच्या ओळखीचे आहे. विहिरीतून पाणी उपसावे तसा एक भाग कच्चा आवाज पुरवीत राहतो. हा आवाज भरड असतो, त्यात सगळेच मिसळलेले असते. दुसरा भाग म्हणजे चाळणी. ती आवाजातले नको ते बारीक-तिखट भाग अडविते आणि हवे ते पुढे सोडते. चाळणीची भोके लहानमोठी केली की तोच सूर कधी बासरीसारखा मऊ, तर कधी सनईसारखा धारदार होतो. तिसरा भाग म्हणजे पाटावरची फळी. ती उचलली की आवाज वाहतो, पाडली की थांबतो. आणि ती किती झटकन उचलावयाची, किती सावकाश पाडावयाची, हे ठरविणारा चौथा भाग असतो. संबळावर थाप पडली की आवाज एकदम उसळतो आणि विरतो. बासरीचा सूर हळूच उगवतो आणि फुंक असेतोवर टिकतो. हा फरक करणारा तो हा चौथा भाग. विहीर, चाळणी, फळी आणि फळीवरचा हात, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

आता जुनी यंत्रे पाहू. १९६४ साली अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात रॉबर्ट मोग या अभियंत्याने हर्बर्ट डॉइच या संगीतकाराच्या सल्ल्याने असे यंत्र घडविले. त्याच सुमारास कॅलिफोर्नियात डॉन बुक्ला हेही स्वतंत्रपणे तशाच यंत्राच्या मागे लागले होते. मोग यांच्या यंत्रात वर सांगितलेला प्रत्येक भाग म्हणजे एक सुटा खण. खण एकमेकांना जोडलेले नसत. कोणत्या खणातला प्रवाह कोणत्या खणात न्यावयाचा, हे वाजविणाऱ्याने तारा खोचून ठरवावयाचे. जुन्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर बाई दोऱ्या खोचून या गावचा माणूस त्या गावाशी जोडून देत असत. हे काम अगदी तसेच होते, आणि तारेच्या टोकाची पिनसुद्धा टेलिफोन एक्स्चेंजमधूनच आलेली. सुट्या खणांचे म्हणून या यंत्राला मॉड्युलर म्हणतात. मोग यांनी एक साधा नियम ठरविला: विजेचा दाब एक व्होल्टने वाढविला की सूर एक सप्तक वर चढेल. या एका नियमामुळे कोणताही खण कोणत्याही खणाला हुकूम देऊ शकू लागला.

या यंत्राचा स्वभाव मात्र लहरी. ऊन चढले, खोली तापली की सूर सरकावयाचा. आपल्याकडे हलगी वाजविण्यापूर्वी ती जाळावर शेकून घ्यावी लागते. पखवाजाच्या डाव्या तोंडाला दर वेळी ताजी कणीक लावावी लागते. तसेच मोगचे यंत्र आधी तापवून, सूर जुळवून घ्यावे लागे आणि मध्येच पुन्हा जुळवावे लागे. शिवाय पट्ट्या दाबून वाजविताना त्यातून साधारणपणे एका वेळी एकच स्वर निघे. वेंडी कार्लोस यांनी १९६८ साली बाख या जर्मन संगीतकाराच्या रचना मोगवर वाजविल्या. त्या ध्वनिमुद्रिकेने हे यंत्र जगभर पोचविले. पण तिच्यासाठी एकेक स्वरावली वेगळी वाजवून, फितीवर थरावर थर चढवावे लागले होते.

आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे या यंत्राला स्मरणशक्ती अजिबात नव्हती. दोन दिवस खपून एखादा सुंदर आवाज बसविला आणि तारा काढल्या, की तो आवाज गेला. पुन्हा आणावयाचा तर कोणती तार कोठे होती आणि कोणती खुंटी किती फिरविली होती, हे कागदावर मांडून ठेवावे लागे. तरीही तंतोतंत तोच आवाज येईल याची हमी नसे.

असे एक यंत्र आपल्या देशातही आले होते, आणि तेही फार लवकर. ते आले अहमदाबादला. आज आपल्याला अहमदाबाद परमुलखातले वाटते; पण १ नोव्हेंबर १९५६ पासून १ मे १९६० पर्यंत आपला मराठवाडा आणि अहमदाबाद एकाच द्वैभाषिक मुंबई राज्यात होते, हे शिक्षकांना आठवत असेल. राज्य वेगळे झाल्यावर १९६१ साली अहमदाबादेत राष्ट्रीय डिझाइन संस्था स्थापन झाली. गौतम आणि गिरा साराभाई या भावंडांचा तिच्या उभारणीत मोठा वाटा होता. त्यांची बहीण गीता साराभाई या संगीताच्या जाणकार, स्वतः पखवाज शिकलेल्या. १९४६ साली त्या अमेरिकेत गेल्या असता त्यांनी जॉन केज या संगीतकाराला हिंदुस्थानी संगीताची ओळख करून दिली आणि त्याच्याकडून पाश्चात्त्य संगीत समजून घेतले. या ओळखीतूनच पुढे केज यांचे सहकारी डेव्हिड ट्यूडर अहमदाबादला आले आणि १९६९ साली त्यांनी त्या संस्थेत मोगचे मॉड्युलर यंत्र बसवून दिले.

त्या यंत्रावर गीता साराभाई, आय. एस. माथुर, अतुल देसाई, एस. सी. शर्मा आणि जिनराज जोशीपुरा यांनी काम केले. त्यांच्या ज्या ध्वनिफिती आज उपलब्ध आहेत, त्या १९६९ ते १९७२ या काळातल्या. विचार करा, चंद्रावर माणूस उतरला त्याच वर्षी आपल्या देशात काही माणसे विजेच्या तारा खोचून नवे सूर शोधीत बसली होती! पण पुढे हे काम थांबले. यंत्राला स्मृती नव्हती. जे काही उरले ते फितींवर. आणि त्या फिती संस्थेच्या संग्रहात कपाटात पडून राहिल्या. २०१७ साली पॉल पर्गस या ब्रिटिश संगीतकाराच्या त्या दृष्टीस पडल्या, तेव्हा कोठे त्यांचा शोध लागला. २०२० साली बीबीसी रेडिओने त्यावर कार्यक्रम केला आणि २०२३ साली त्यांतील निवडक संगीत प्रसिद्ध झाले. म्हणजे जवळजवळ पन्नास वर्षे आपल्याच इतिहासाचे एक पान आपल्याला ठाऊक नव्हते. ते पान कोणी फाडले नव्हते की जाळले नव्हते. ते उघडून पाहणाराच कोणी नव्हता!

आता सॉफ्टवेअरकडे वळू. पुष्कळांची समजूत अशी की, आधी तारांची यंत्रे आली आणि त्यांच्या पाठोपाठ फार वर्षांनी संगणक आला. कालगणना पाहिली तर उलटेच दिसते. मोग यांच्या यंत्राच्या सात वर्षे आधी, १९५७ साली, अमेरिकेतील बेल टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेत मॅक्स मॅथ्यूज यांनी आयबीएमच्या ७०४ क्रमांकाच्या संगणकावर संगीतासाठी आज्ञावली लिहिली आणि तिच्यातून १७ सेकंदांची एक स्वररचना काढली. पाहा, तारांच्या यंत्राची पिन टेलिफोनची आणि आज्ञावलीचा जन्मही टेलिफोनच्याच घरात!

आज्ञावली सूर कसा घडविते, हे गणिताच्या शिक्षकांना चटकन समजेल. आलेखाच्या कागदावर आपण लाट काढतो तेव्हा प्रत्येक बिंदूची उंची आकड्यात सांगता येते. संगणक नेमके हेच करतो. आवाजाच्या लाटेची उंची तो आकड्यांत मोजतो. कॉम्पॅक्ट डिस्कवर एका सेकंदाच्या आवाजासाठी असे ४४,१०० आकडे लागतात, आणि दोन कर्णे असले तर त्याच्या दुप्पट. जुन्या यंत्रातील विहीर, चाळणी आणि फळी येथेही आहेतच; पण त्या वस्तू नाहीत, ती गणिते आहेत. १९५७ साली संगणक इतका मंद होता की, वाजवावे आणि लगेच ऐकावे हे शक्यच नव्हते. आधी सगळे आकडे काढावयाचे, ते फितीवर उतरवावयाचे, मग त्यांचा आवाज करावयाचा. म्हणून पुढची चाळीस वर्षे वादकांच्या हातात राहिली ती खुंट्यांची आणि पट्ट्यांचीच यंत्रे.

दरम्यान ती यंत्रेही बदलत गेली. १९७० साली मोग यांचे मिनिमोग आले. त्यात खण आतूनच जोडलेले, म्हणून तारा खोचण्याची कटकट नाही आणि ते उचलून कार्यक्रमाला नेता येई. १९७८ साली प्रॉफेट-५ या यंत्रात छोटा संगणक बसविला गेला आणि बसविलेला आवाज यंत्र स्वतः लक्षात ठेवू लागले. १९८३ साली निरनिराळ्या कंपन्यांच्या यंत्रांना एकमेकांशी बोलता यावे म्हणून मिडी नावाची सामाईक भाषा ठरली. मग संगणक पुरेसे वेगवान झाले. १९९९ च्या सुमारास ध्वनिमुद्रणाच्या आज्ञावलीत अख्खे वाद्यच आज्ञावली म्हणून बसविता येऊ लागले. २००३ साली फ्रान्समधील आर्टुरिया कंपनीने मोगचे मॉड्युलर यंत्र जसेच्या तसे संगणकाच्या पडद्यावर आणले. त्यात पडद्यावरच तारा खोचावयाच्या! २०१७ साली व्हीसीव्ही रॅक ही आज्ञावली आली. ती तर मूळ रूपात फुकट मिळते आणि तिची रचनाही सर्वांना पाहता येते.

आता पुन्हा मुंबईला येऊ, कारण दोहोंची तुलना नीट समजण्यासाठी तिथलेच एक उदाहरण उपयोगी आहे. चरणजित सिंग हे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदातले गिटारवादक. १९८२ साली त्यांनी मुंबईत एक ध्वनिमुद्रिका केली. तिच्यात भैरव, ललत, यमन, मालकंस असे दहा राग नाचाच्या ठेक्यावर, निव्वळ यंत्रांनी वाजविलेले आहेत. यंत्रे रोलँड या जपानी कंपनीची होती. त्यातले एक टीबी-३०३. ते मुळात गिटारवाल्याला एकट्याने सराव करताना खर्जाची साथ मिळावी म्हणून काढलेले. त्या कामी ते फारसे पसंत पडले नाही आणि १९८४ साली कंपनीने ते बंदही केले. पण त्यात एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय होती. पाश्चात्त्याला ती साधी गंमत वाटली असेल. रागदारी ऐकलेल्या कानाला त्यात मींड दिसली. ज्या कामासाठी यंत्र केले त्या कामात ते पडले, आणि मुंबईच्या एका वादकाने त्याच्याकडून राग वाजवून घेतला!

ती ध्वनिमुद्रिका त्या वेळी कोणी फारशी घेतली नाही. पाच वर्षांनी, १९८७ साली, अमेरिकेतील शिकागो शहरात त्याच टीबी-३०३ मधून नाचाच्या संगीताचा एक नवा प्रकार जन्माला आला आणि जगभर पसरला. २०१० साली चरणजित सिंग यांची ध्वनिमुद्रिका पुन्हा प्रसिद्ध झाली तेव्हा जाणकार चकित झाले, कारण शिकागोचा तो आवाज मुंबईत आधीच येऊन गेला होता. सुदैवाने हे कौतुक पाहावयास ते हयात होते. २०१५ साली त्यांचे निधन झाले.

याच टीबी-३०३ ची पुढची कथा पाहा. १९९७ साली स्वीडनमधील एका कंपनीने त्याची नक्कल करणारी आज्ञावली काढली. नाव रीबर्थ, म्हणजे पुनर्जन्म. ती २००५ साली बंद झाली. पुढे २०१० साली ती आयपॅडसाठी पुन्हा आली. पण २०१७ साली मूळ यंत्राच्या कंपनीने हक्काचा मुद्दा काढला आणि ती मागे घेतली गेली. तिकडे १९८२ च्या सुमारास बनलेली टीबी-३०३ ची डबडी अजून चालतात. एखादे बिघडले तर उघडावे, जळलेला भाग काढावा, डाग देऊन नवा बसवावा. रेडिओ दुरुस्त करणारा कोणीही हुशार माणूस ते काम शिकू शकतो. पुनर्जन्म संपला, मूळ जन्म मात्र चालूच आहे!

तेव्हा तुलना कशी करावयाची? पुष्कळ लोक म्हणतात, जुन्या यंत्राचा आवाज उबदार आणि नव्याचा कोरडा. यात तथ्य होते. आरंभीच्या आज्ञावल्यांचा आवाज खरोखर कोरडा असे, कारण सर्व सूर गणिताने अगदी नेमके, रेसभरही न हालणारे. पण आता आज्ञावली लिहिणारेच मुद्दाम थोडी चूक तिच्यात घालतात. सूर किंचित सरकावा, दोन थापा अगदी एकसारख्या येऊ नयेत, अशी सोय करतात. ज्या दोषापायी जुने वादक कपाळाला हात लावीत, तोच दोष आज गुण म्हणून विकला जातो! म्हणून आज नुसत्या कानाने जुने-नवे ओळखणे जाणकारालाही सोपे नाही. आवाजाचा वाद मला तरी आता फारसा महत्त्वाचा वाटत नाही.

खरा फरक दुसरीकडे आहे. एक फरक हाताचा. तारा खोचणाऱ्या माणसाला आवाज कोठून कोठे जातो हे दिसते. एक तार काढली की काय बिघडते, हे कळते. सॉफ्टवेअरमध्ये हजारो आवाज तयार मिळतात. नाव निवडले की झाले. त्यामुळे काम झटपट होते, पण आत काय चालले आहे ते पाहण्याची गरजच उरत नाही. दुसरा फरक दुरुस्तीचा. तो वर आलाच. तिसरा फरक पैशाचा, आणि तो नव्याच्या बाजूने फार मोठा आहे. मोगच्या यंत्राला हजारो डॉलर पडत. १९६९ साली अहमदाबादच्या त्या एका खोलीत जे होते, त्याला हात लावण्याचे भाग्य मोजक्या माणसांना मिळाले. आज कळंब तालुक्यातल्या एखाद्या जिल्हा परिषद शाळेत साधा संगणक असेल, तर तेच खण आणि त्याच तारा पडद्यावर फुकट आणता येतात. ही लहान गोष्ट नव्हे.

आपल्या संगीताला एक जास्तीचा प्रश्न पडतो, तो श्रुतींचा. पेटी फ्रान्सहून आली आणि आपल्या भजनात अशी मिसळली की, ती परकी आहे हे सांगूनही कोणाला पटू नये. गोविंदराव टेंबे यांच्यासारख्या वादकांनी तिला मैफलीत मान मिळवून दिला. तरीही १९४० साली ऑल इंडिया रेडिओने पेटीवर बंदी घातली. तक्रार अशी की, तिचे बारा स्वर ठोकून बसविलेले, तिच्यात मींड नाही, आपल्या श्रुती नाहीत. ही बंदी सैल व्हावयास १९७१ साल उजाडावे लागले. पट्ट्यांच्या सिंथेसायझरवरही हाच आक्षेप येतो. पण गंमत पाहा, मोगच्या सुट्या खणांना बारा स्वरांचे बंधन नव्हते. खुंटी फिरवाल तेथे सूर. आणि आजच्या पुष्कळ आज्ञावल्यांत प्रत्येक स्वर हवा तेवढा चढवता-उतरवता येतो. ज्या बाबतीत पेटी अडली, त्या बाबतीत ही यंत्रे अडण्याचे कारण नाही. अडतो तो वापरणारा, कारण यंत्र तयार बारा स्वर पुढे करते आणि तो तेवढ्यावर भागवितो.

तंबोऱ्याचेही असेच झाले. मिरजेचे तंबोरे एकोणिसाव्या शतकापासून नावाजलेले. मंगळवेढ्याकडचे भोपळे मिरजेच्या कारागिरांच्या हाती पडावेत आणि त्यांतून गवयाची जन्माची सोबत तयार व्हावी, अशी ही परंपरा. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. तिकडे बंगळूरचे जी. राज नारायण या अभियंत्याने १९७९ साली विजेची श्रुतिपेटी काढली. पुढे विजेचे तंबोरे आले, आणि आता मोबाइलवरचा तंबोरा. गावच्या विद्यार्थ्याला रोज पहाटे सुरात बसावयाचे असेल, तर मोबाइलच्या तंबोऱ्यासारखा मित्र नाही. मात्र तंबोरा स्वतः जुळविताना कान जो शिकतो, तो धडा त्यात नाही. म्हणून शिक्षकाने दोन्ही गोष्टी सांगाव्यात: रोजच्या रियाजाला मोबाइल चालेल, पण वर्षातून दोन-चारदा तरी मुलांना खरा तंबोरा जुळविताना पाहू द्यावा, जमल्यास खुंटीला हात लावू द्यावा.

आता मुख्य गोष्ट. जुने यंत्र काहीच लक्षात ठेवीत नव्हते. नवे यंत्र काहीच विसरत नाही. पण ते लक्षात ठेवते ते त्यात घातलेलेच. आज बाजारातल्या एखाद्या मोठ्या आज्ञावलीत पाहा: व्हिएन्नाचा पियानो मिळेल, लंडनचा व्हायोलिनवृंद मिळेल, भारताच्या नावाखाली सतार आणि तबला मिळेल. आपल्या येडेश्वरीच्या चैत्री यात्रेत घुमणारी हलगी, आराध्यांचे तुणतुणे, गोंधळ्याचे संबळ त्यात कोठे आहे? संबळाची दोन तोंडे. एकाचा आवाज कडक, दुसऱ्याचा घुमारा, आणि काठीच्या वाकड्या टोकाने तो घुमारा कसा ओढून काढतात, हे कोणत्या परदेशी अभियंत्याला ठाऊक असणार? जे आपण त्यात घातले नाही, ते यंत्र आठवणार नाही. आणि पुढच्या पिढीला यंत्र जे आठवते तेच खरे वाटेल. वरातीत संबळाच्या जागी कीबोर्डमधला कोठलासा ढोल वाजतो तेव्हा याची सुरुवात झालीच आहे, असे समजा.

याला उपाय आहे आणि तो महाग नाही. शाळेतली चार मुले आणि एक मोबाइल एवढे पुरते. गावातल्या संबळवाल्याला मानाने बोलवावे. पंखे बंद करून शांत खोलीत त्याची एकेक थाप वेगळी, मग हळू, मग जलद, अशी टिपून घ्यावी. कोणती थाप, कोणते वाद्य, कोणी वाजविले, कोणत्या गावी, कोणत्या दिवशी, हे वहीत त्याच्या संमतीने लिहावे. ध्वनिमुद्रण दोन-तीन ठिकाणी जपून ठेवावे. मग फुकट मिळणाऱ्या आज्ञावलीत तोच आवाज बसवून मुलांना सांगावे: आता चाळणी बारीक करा, आता फळी सावकाश पाडा, ऐका काय होते. विज्ञानाचा तास होईल, संगीताचाही होईल आणि गावचा आवाज यंत्राच्या स्मृतीत जाईल. मात्र संबळवाल्याला त्याचे मोल द्यावे आणि त्याचे नाव गाळू नये; आवाज त्याचा आहे.

अहमदाबादच्या फिती पन्नास वर्षे कपाटात राहिल्या तरी टिकल्या, कारण कोणीतरी त्या वेळी मुद्रण केले होते आणि वर नावे लिहून ठेवली होती. मुंबईच्या दहा रागांची ध्वनिमुद्रिका उशिरा का होईना ओळखली गेली, कारण ती निघाली होती. ज्याचे मुद्रणच झाले नाही, ते शोधावयाला कोणी परदेशातून येणार नाही. तारांचे यंत्र बरे की पडद्यावरचे, हा वाद शहरातल्या हौशी मंडळींनी खुशाल घालावा. आपल्याला दोन्ही चालतील. त्यांच्यात आपला सूर घालण्याचे काम तेवढे आपल्यालाच करावयाचे आहे. येत्या चैत्री यात्रेला अजून अवकाश आहे. तोवर वही आणि मोबाइल तयार ठेवता येईल.